पन्नास हर्ट्‌झची साक्ष

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एका जुन्या घरात, ऐन वैशाखात, एका गुणगुणीने घरच्यांची झोप उडवली होती. ती माशीची नव्हती, खिडकीतल्या कूलरचीही नव्हती. कूलर बंद केल्यावर तर ती अधिकच स्पष्ट होई. ध्वनिक्षेपकातून, गाण्याच्या मागून, एक खोल सलग स्वर वाहत असे. ज्यांना कान आहे त्यांना तो स्वर पांढरी पाचच्या किंचित वर, खालच्या सप्तकात ऐकू येई, आणि गाणे काळी चारमध्ये असल्यामुळे तो षड्‌जाशी सतत भांडत राही.

घराचे मालक भिलाईच्या पोलाद कारखान्यात तीस वर्षे विद्युत विभागात काम करून निवृत्त झालेले. घरात त्यांना सगळे मामा म्हणतात, येथेही तेवढे नाव पुरेसे आहे. त्यांच्या थोरल्या भगिनी, ताई, सत्तरच्या दशकात खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिकल्या. 1956 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर होते, आणि रातंजनकर म्हणजे भातखंड्यांचे पट्टशिष्य. ताई तेथे पोहोचल्या तेव्हा रातंजनकर जाऊन बरीच वर्षे झाली होती. पण बंदिशी, स्वरलिपी आणि रागाचा हट्टी काटेकोरपणा हे सारे मागे उरलेले होते. पुढे संसार, शाळेतली नोकरी, आणि साठीनंतर घशाचा आजार. आता ताई बोलतात, गात नाहीत. त्यांच्या गाण्याचा उरलेला ऐवज म्हणजे बारा कॅसेटी, 1981 ते 1988 या काळात घरच्या बैठकींत मामांनी स्वतः बटण दाबून भरलेल्या.

या बारा कॅसेटी संगणकात उतरवायच्या, एवढाच मूळ बेत होता. फितीवरचा चुंबकीय थर कायमचा नसतो, हे मामांना ठाऊक होते. रायपूरच्या पावसाळ्यात बुरशी चढते, उन्हाळ्यात पेटीतले प्लॅस्टिक वाकते, आतले स्पंजाचे तुकडे गळतात. जुना डेक दुरुस्त झाला, ध्वनी अंकांत बदलणारी एक छोटी पेटी आली, लॅपटॉप होताच. पहिली कॅसेट लावली आणि गुणगुण ऐकू आली.

येथून मामांची वाट चुकली. चुकली ती अडाणीपणाने नव्हे, वाचनाने. अंकीय ध्वनीच्या शौकिनांसाठी लिहिलेले पुष्कळ साहित्य त्यांनी एका महिन्यात पालथे घातले आणि त्यातून तीन शत्रू त्यांच्या मनात उभे राहिले: कंपन, घड्याळ आणि तार. तिघांवरही बाजारात इलाज होता. पंधरवड्यात यंत्रांच्या बुडाशी पितळी अणकुचीदार पाय आले, अठरा हजार रुपयांची एक यूएसबी तार आली, आणि लाखाच्या वर किंमत असलेल्या एका रुबिडियम घड्याळाची चौकशी सुरू झाली. ताईंनी एवढेच विचारले, “अरे, तू कॅसेटी उतरवून राहिला, की दुकान मांडून राहिला?”

या तिन्ही शत्रूंमध्ये तथ्य अजिबात नाही असे म्हणणे सोपे आहे, आणि तेही चूकच आहे. प्रत्येकात भौतिकशास्त्राचा एक खरा कण आहे. प्रश्न त्या कणाच्या आकाराचा आहे.

आधी घड्याळ. ध्वनी अंकांत बदलताना त्याची उंची ठरावीक अंतराने मोजली जाते. सीडीसाठी सेकंदाला 44,100 वेळा. हा विचित्र आकडा आकाशातून पडला नाही. सुरुवातीला हे अंक व्हिडिओच्या फितीवर साठवत, आणि प्रत्येक क्षेत्रातील 245 रेघा, प्रत्येक रेघेत तीन नमुने आणि सेकंदाला 60 क्षेत्रे यांचा गुणाकार 44,100 होतो. या मोजणीचा ताल क्वार्ट्‌झचा स्फटिक धरतो. ताल किंचित डळमळला, म्हणजे एखादा नमुना क्षणभर आधी किंवा नंतर घेतला गेला, तर मोजलेली उंची खरी असूनही चुकीच्या जागी बसते. या डळमळण्याला जिटर म्हणतात. तबलजीच्या बोटांतला दोष नव्हे, मात्रेतलाच दोष.

याचा परिणाम किती, हे गणिताने काढता येते. 20,000 हर्ट्‌झचा, पूर्ण ताकदीचा स्वर घ्या. सोळा बिटांच्या मोजपट्टीवर अर्ध्या घराएवढी चूक व्हायला सुमारे 121 पिकोसेकंदांचा ढळ पुरतो. तेवढ्या वेळात प्रकाशही साडेतीन सेंटिमीटरच जातो. हा आकडा वाचून कोणाचाही धीर सुटेल, आणि जाहिरातींत तो त्यासाठीच छापलेला असतो. पण 20,000 हर्ट्‌झचा पूर्ण ताकदीचा स्वर कोणत्याही गाण्यात नसतो, आणि साठीतल्या माणसाला तो ऐकूही येत नाही. मानवी आवाजाच्या आसपासचा, 1,000 हर्ट्‌झचा स्वर घेतला आणि ढळ एक नॅनोसेकंद, म्हणजे वरच्या आकड्याच्या आठपट धरला, तरी त्यातून निघणारा विक्षेप मूळ स्वराच्या 104 डेसिबल खाली राहतो. सोळा बिटांच्या ध्वनीचा स्वतःचा तळच सुमारे 96 डेसिबल खाली असतो. आणि कूलर चालू असलेल्या खोलीत तर हा हिशेब मांडण्याची सोयच नाही.

कानाची परीक्षाही झालेली आहे. 1998 मध्ये डॉल्बी प्रयोगशाळेतील एरिक बेंजामिन आणि बेंजामिन गॅनन यांनी मुद्दाम जिटर मिसळून श्रोत्यांना ऐकवले. सर्वांत प्रतिकूल अशा शुद्ध स्वरांवर काहींना दहाएक नॅनोसेकंदांचा ढळ ओळखू आला. संगीतात मात्र तो त्याहून कितीतरी मोठा असावा लागला. 2005 मध्ये जपानमधील काओरू आशिहारा आणि सहकाऱ्यांनी यादृच्छिक जिटरचा प्रयोग केला, तेव्हा संगीतातला ढळ ओळखू येण्यासाठी तो शेकडो नॅनोसेकंदांचा असावा लागतो असे दिसले. आजच्या साध्या ध्वनिपेटीतला जिटर नॅनोसेकंदाच्याही बराच खाली असतो.

मग रुबिडियम घड्याळ कशासाठी? ज्या कामासाठी ते जन्मले त्या कामासाठी. आपल्या नाविक प्रणालीच्या पहिल्या उपग्रहातील, आयआरएनएसएस 1ए मधील, आयात केलेली रुबिडियम घड्याळे बिघडली आणि त्या उपग्रहाचा स्थाननिश्चितीसाठी उपयोग संपला. त्यानंतर इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने स्वदेशी रुबिडियम घड्याळ घडवले आणि 29 मे 2023 रोजी एनव्हीएस-01 या उपग्रहातून ते अवकाशात गेले. तेथे एक नॅनोसेकंद चुकला की जमिनीवरचे अंतर तीस सेंटिमीटरने चुकते. एक सूक्ष्मसेकंद चुकला तर रायपूरच्या रेल्वे स्थानकावर उभा असलेला माणूस तीनशे मीटर दूर दिसू लागेल. अशा घड्याळाचा गुण म्हणजे दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने भरकटू नये. गाण्याच्या यंत्राला हवा असतो वेगळाच गुण: या क्षणापासून पुढच्या क्षणापर्यंत ताल थरथरू नये. चांगला स्फटिक हे काम मुकाट्याने करतो, आणि त्या अल्पकाळात रुबिडियम त्याच्यापेक्षा सरस असेलच असे नाही. अणुघड्याळाच्या आत तात्पुरता ताल धरायला पुन्हा स्फटिकच बसवलेला असतो. लाख रुपये देऊन मामा नको तो गुण विकत घेणार होते.

घड्याळाच्या खऱ्या चुका वेगळ्या असतात, आणि त्या ऐकू येतात. दोन यंत्रे आपापल्या स्फटिकावर चालत असतील आणि त्यांत दशलक्षांत पन्नास भागांचा फरक असेल, तर दर सेकंदाला दोनेक नमुने उरतात किंवा कमी पडतात. मधली साठवण भरली किंवा रिकामी झाली की टिक असा आवाज येतो. आकाशवाणीच्या केंद्रांतच काय, कोणत्याही स्टुडिओत सर्व यंत्रांना एकाच घड्याळाच्या ताब्यात ठेवतात ते यासाठी. दुसरी चूक अधिक ढोबळ. ताईंच्या मुलीने पहिल्या दिवशी एक फाइल 48,000 नमुन्यांनी भरली आणि तिच्यावर चिठ्ठी लावली 44,100 ची. काळी चारचा षड्‌ज दीड अर्धस्वर खाली घसरला, आणि स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला, “हे कोण बुवा गाऊन राहिले?” ही घड्याळाचीच चूक, पण ती ओळखायला प्रयोगशाळा लागली नाही.

कंपनाचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. तबकडी आणि सुईच्या काळात तो राजा होता. सुईला ध्वनिमुद्रित खाचेतले कंपन आणि जमिनीतले कंपन यांतला फरक कळत नाही, म्हणून जड पाट, रबरी पाय, भिंतीतला कोनाडा हे सगळे शहाणपणाचे होते. सीडीतही चकती थरथरते, तिची गती मिनिटाला 500 ते 200 फेऱ्यांमध्ये बदलत जाते. पण वाचलेले अंक आधी एका साठवणीत पडतात आणि तेथून स्फटिकाच्या तालावर बाहेर येतात, जसे नळाला पाणी खळखळत आले तरी माठाच्या तोटीतून ते सारखेच वाहते. वर रीड आणि सोलोमन यांच्या संकेतावर बांधलेली दुरुस्ती अशी की, अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडाही अंक पूर्ण परत मिळवून देतो. स्फटिक स्वतः दाबविद्युत पदार्थ आहे, त्याला धक्का दिला तर त्याची वारंवारता सूक्ष्म बदलते हे खरे. काही सिरॅमिक कपॅसिटरही ठोकल्यावर सूक्ष्म विद्युतदाब देतात. पण साधारण स्फटिकात गुरुत्वाकर्षणाएवढ्या त्वरणाने होणारा बदल अब्जांत एखादा भाग असतो, आणि हावडा–मुंबई मार्गावरची मालगाडी घराजवळून गेली तरी घराच्या फरशीला त्याचा हजारावा हिस्साही मिळत नाही. 2008 च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधील ब्रेंडन ग्रेग यांनी संगणकाच्या डिस्कांवर तोंड जवळ नेऊन जोरात ओरडून दाखवले, तेव्हा डिस्कांचा वेग खरोखर मंदावलेला आलेखावर दिसला. तरीही अंक तेच राहिले. यायला उशीर झाला, इतकेच. पितळी पाय टेबलाला भोके पाडण्यापलीकडे फारसे काही करीत नव्हते.

तारेची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे, कारण मामांचा संशय येथे अर्धा बरोबर होता.

अंकीय तारेतून शून्य आणि एक जातात, मग तार कोणतीही असली तरी फरक काय, असे विज्ञानाचे विद्यार्थी नेहमी म्हणतात. हे बहुतांशी ठीक आहे. पण तारेतून प्रत्यक्षात जातो तो विद्युतदाब. जुन्या एसपीडीआयएफ जोडणीत अंक आणि घड्याळ एकाच तारेतून, एकमेकांत विणलेले जातात. तार 75 ओहमची नसेल तर टोकाशी प्रतिध्वनी होतो, पायऱ्यांच्या कडा गोलसर होतात, आणि पलीकडचे यंत्र ताल काढताना किंचित ढळते. 1992 मध्ये क्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी याचे सविस्तर विश्लेषण मांडले. आजच्या यूएसबी पेट्यांमध्ये मात्र घड्याळ पेटीच्याच पोटात असते आणि संगणकाने अंक कधी पाठवायचे ते पेटी सांगते. तारेच्या हाती ताल उरतच नाही.

तरीही तारेतून एक गोष्ट जाते, जिला शून्य आणि एक यांच्याशी काही देणेघेणे नाही. ती म्हणजे जमीन. यूएसबी तारेभोवतीचा धातूचा पडदा लॅपटॉपची जमीन पेटीला जोडतो. लॅपटॉपचा चार्जर एका खोलीतल्या खुंटीत, वर्धक दुसऱ्या खोलीतल्या खुंटीत, दोन्हींना अर्थिंग, आणि दोन अर्थिंगांमध्ये काही मिलिव्होल्टांचा फरक. चार्जर, यूएसबीचा पडदा, पेटी, डेककडून वर्धकाकडे जाणारी तार आणि पुन्हा भिंत: असे एक मोठे कडे पूर्ण होते आणि त्यातून 50 हर्ट्‌झचा प्रवाह फिरू लागतो. तो गाण्याच्या तारेच्या पडद्यातून जाताना गाण्यात मिसळतो. रायपूरच्या मुरमाड जमिनीत, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की हा फरक वाढतो. कारखान्यात मीठ-कोळशाच्या खड्ड्यांत पाणी सोडण्याची पाळी लावून देणाऱ्या माणसाला हे घरी सुचू नये, ही गंमत आहे. अठरा हजारांच्या तारेलाही तोच धातूचा पडदा होता, जरा अधिक जाड.

गाठ सोडवली ती भाचीने. ती पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकते. आधी तिने मामांना एका परीक्षेला बसवले. नवी तार आणि साधी तार, पडद्याआड, सोळा वेळा, कोणती लावली आहे ते नाणेफेकीने ठरवायचे. दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर ठेवायचा, कारण एक डेसिबलाच्या काही दशांशांनी जोरात असलेला आवाज कानाला सरळ ‘अधिक चांगला’ वाटतो. मामांची सोळापैकी नऊ उत्तरे बरोबर आली. बारा आली असती तर ती निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांखाली गेली असती. नऊ म्हणजे नाणेच. मामांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढे दोन दिवस या विषयावर बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी भाची म्हणाली, “मामा, चार्जर काढून टाका बरं, बॅटरीवर चालवू.” गुणगुण निम्म्याने उतरली. कडे तुटले होते. अर्थिंगची पिन मोडून कडे तोडणारे लोकही असतात. तो जिवाशी खेळ आहे, त्यापेक्षा सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत किंवा मध्ये विलगक ट्रान्स्फॉर्मर बसवावा. पण उरलेल्या निम्म्याचे काय? “आता कॅसेट थांबवा.” कॅसेट थांबली आणि उरलेली गुणगुणही थांबली.

ती तारेत नव्हती, घड्याळात नव्हती, घरातच नव्हती. ती फितीवर होती. 1984 च्या एका रात्री, त्याच बैठकीच्या खोलीत, त्या वेळच्या मायक्रोफोनच्या तारेने जी वीज हुंगली, ती ताईंच्या मारू बिहागाबरोबर चाळीस वर्षे फितीत झोपून होती.

भाचीने ध्वनीचा वर्णपट काढला. त्यात एकाच ठिकाणी एक रेघ दिसायला हवी होती, पण दोन दिसत होत्या. चार्जर लावला की 50 हर्ट्‌झवर एक स्थिर, सुरीसारखी रेघ. आजच्या राष्ट्रीय ग्रिडची वारंवारता 49.90 ते 50.05 या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे, तो तेथे दिसत होता. आणि दुसरी रेघ, 48.0 च्या आसपास, तिच्या दुपटीवर 96 ला अधिक ठळक, हलकेच डोलणारी. फितीवरची गुणगुण 48 का?

एक उत्तर उघड होते: डेक हळू चालत असेल. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटर वेगाने सरकायला हवी. रबरी पट्टा सैल झाला, मोटारीचा वेग बिघडला, की एक-दोन टक्क्यांचा फरक सहज पडतो. दुसरे उत्तर म्हणजे त्या रात्री ग्रिडच 48 हर्ट्‌झवर असेल. ऐंशीच्या दशकात विजेची मागणी निर्मितीपेक्षा जास्त असे, जनित्रे ओझ्याखाली मंदावत, आणि वारंवारता 49 च्या खाली जाण्यात नवल नव्हते. पश्चिम ग्रिडमध्ये वारंवारतेशी दर बांधणारी पद्धत 2002 मध्ये आली, त्यानंतर शिस्त लागली. म्हणजे साक्षीदार होता, पण त्याचे घड्याळ खरे होते की नाही हे सांगणारे कोणी नव्हते.

येथे ताई पुढे आल्या. पहिल्या दिवसापासून त्या एकच तक्रार करीत होत्या आणि कोणी तिकडे लक्ष देत नव्हते: “हा माझा आवाज नाही. हिचं वय जास्त आहे.” मामांनी ते जिटरवर ढकलले होते.

ऐकणाऱ्याचा शब्द आणि मोजणाऱ्याचा आकडा यांचा हा वाद ताईंच्या परंपरेला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, गायकांचे स्वर मोजले, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्‌स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती हार्मोनियम घडवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती कसोटीला लागली तेव्हा एकमत झाले नाही. भातखंडे या श्रुतिगणिताच्या विरोधी बाजूला होते. देवलांचे आकडे गायकाच्या गळ्याला बांधता येतात का, यावर आजही विद्वान भांडतील. पण वादाचा विषय केवढा होता ते पाहण्यासारखे आहे. प्रमाणश्रुती म्हणजे 81 आणि 80 यांचे गुणोत्तर, सव्वा टक्का. अशा फरकासाठी माणसे परिषदा भरवत होती. सामान्य स्फटिकाची चूक, दशलक्षांत पन्नास भाग, या प्रमाणश्रुतीच्या अडीचशेवा हिस्सा आहे. मामा त्या अडीचशेव्या हिश्श्यासाठी लाख रुपये मोजायला निघाले होते, आणि डेकच्या पट्ट्यातली दोन टक्क्यांची चूक, म्हणजे दीड श्रुतीहून अधिक, ताईंच्या तोंडून ऐकूनही त्यांना ऐकू आली नव्हती.

घरात 1984 ची एक वस्तू अजून शाबूत होती. त्या बैठकीत वाजलेली पेटी, माळ्यावर, चादरीत गुंडाळलेली. पितळी सुरांच्या पट्ट्या हवेच्या दाबाने आणि उकाड्याने किंचित हलतात, गंजल्या तर उतरतात, पण नीट ठेवलेल्या पेटीचा सूर चाळीस वर्षांत टक्क्यांनी सरकत नाही. मामांनी भाता हलवला, ताईंनी काळी चार दाबली. 208.4 हर्ट्‌झ. त्याच पट्टीचा कॅसेटवरचा सूर, आलापाच्या आधी पेटीवाल्याने लांब धरलेला, 204.2. गुणोत्तर 0.98. भरताना आणि वाजवताना मिळून फीत दोन टक्के मंद झाली होती. आता त्याच गुणोत्तराने गुणगुणीला भागायचे: 48.0 भागिले 0.98, म्हणजे 49.0.

त्या रात्री रायपूरची वीज 49 हर्ट्‌झवर होती. ज्या आवाजाला हाकलण्यासाठी मामांनी निवृत्तिवेतनातले पैसे घातले, तो त्या बैठकीचा एकमेव टिकून राहिलेला ताळेबंद निघाला. शिवाय त्याचा आणखी एक उपयोग होता. पेटीचा सूर आलापाच्या सुरुवातीला एकदाच सुटा सापडतो, गुणगुण मात्र तासभर अखंड. डेकचा वेग मध्येच कुठे ओढला, कुठे सैल पडला, हे तिच्या डोलण्यावरून ओळखता येत होते. ग्रिडचे स्वतःचे डोलणे मंद, काही सेकंदांत आणि मिनिटांत होणारे. फिरणाऱ्या चाकाचे जलद आणि ठरावीक फेऱ्यांचे. भाचीने पहिले सोडून दिले आणि दुसऱ्याच्या मापाने ध्वनी सरळ केला. मग शेवटी, काम झाल्यावर, गुणगुण गाळून टाकली. मूळ उतरवलेली फाइल, गुणगुणीसकट, वेगळी ठेवली.

(रायपूर 81.6 अंश रेखांशावर आहे. साडेब्याऐंशी अंशांची आपली प्रमाणवेळेची रेषा छत्तीसगडमधूनच जाते, राज्याच्या उत्तरेस ती कर्कवृत्ताला छेदते. तरी तात्यापाऱ्यातला सूर्य घड्याळाच्या साडेतीन मिनिटे मागे असतो. ही चूक मामांना कधी खुपली नव्हती.)

एका संध्याकाळी, कूलर बंद ठेवून, घाम पुसत तिघांनी ती फाइल ऐकली. दोन टक्क्यांनी वर आलेला आवाज ऐकताच ताई सावरून बसल्या. आलापात गांधार आला, तेथे त्यांचा उजवा हात जागचा हलला. बराच वेळ कोणी बोलले नाही. विलंबित संपता संपता त्या म्हणाल्या, “तेव्हा पंखा असाच फिरून राहिला होता, मेल्यासारखा. आठवतंय तुला? तू म्हणाला होता, व्होल्टेज नाही.” मामांना आठवत नव्हते. वारंवारता उतरली की घराघरांतले पंखेही किंचित मंद फिरतात, आणि बहुधा दाबही उतरलेला असणार, इतके ते पुटपुटले.

रुबिडियमची चौकशी थांबली. अठरा हजारांची तार परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. ती आता लॅपटॉपला प्रिंटर जोडायला वापरली जाते. पितळी पायांखाली भाचीने जुन्या नाण्यांच्या चकत्या सरकवल्या, टेबल वाचले. डेकला नवा रबरी पट्टा बसला. त्याची किंमत सांगताना मामा अजून ओशाळतात.

उरलेल्या अकरांपैकी सातव्या कॅसेटवर ताईंच्या अक्षरात पेन्सिलीने ‘बागेश्री, घरी’ एवढेच आहे. ती उघडली तेव्हा फितीला हेडवर दाबून धरणारा लोकरीचा इवला तुकडा गळून आत पडलेला होता आणि कडेला पांढरी बुरशी धरू लागली होती. मामा भिंगातून पाहत होते. ताईंनी शिवणाचा डबा उघडला आणि फेल्टची चिंधी शोधायला घेतली.